विश्लेषण : कळफलकावर मराठी अक्षरे आली, बोटांच्या सवयीचे काय?

पलूस : सरकारी कार्यालयांतील संगणकांच्या कळफलकावर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरेही असावीत, असे राज्य सरकारने ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात बजावले. मात्र छापील अक्षरे एका मांडणीची, टायपिंगच्या वर्गात शिकवली जाते दुसरी आणि मोबाइलवर बोटांना सवय लागली आहे तिसरीची. लिपिकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणापासून सातबाऱ्यावरील नाव दुरुस्त करून घेणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांना या गोंधळाची झळ बसते. हा पेच नेमका काय आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, याचा आढावा.

शासन निर्णयात काय म्हटले आहे?

राज्याने २०२४ मध्ये मराठी भाषा धोरण मंजूर केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी निघालेल्या या निर्णयाने सरकारी, निमसरकारी कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत मराठीत बोलणे बंधनकारक केले. दर्शनी फलक मराठीत लावणे आणि कळफलकावर देवनागरी अक्षरे छापलेली असणे, याही गोष्टी त्यात आहेत. राज्यकारभार मराठीत चालावा हे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ पासून ठरलेलेच आहे. कागदावर मराठी होतीच, आता ती कळफलकावरही हवी, असा याचा अर्थ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामुळे या विषयाला उत्साहाची जोडही मिळाली. पण कळीवर अक्षर दिसले म्हणून बोट आपोआप तिथे जात नाही.

मराठी टायपिंगच्या मांडण्या किती?

रोजच्या वापरात प्रामुख्याने तीन आहेत. पहिली रेमिंग्टन. ही जुन्या टंकलेखन यंत्राची मांडणी असून तालुक्याच्या गावांतील टायपिंगच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या तीच शिकवली गेली. दुसरी इनस्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती आखली, पुढे तिला भारतीय मानकात स्थान मिळाले आणि आज विंडोज असो वा लिनक्स, मराठीसाठी ती आधीपासूनच दिलेली असते. बाजारात मराठी अक्षरे छापलेले जे कळफलक मिळतात, त्यांवर साधारणपणे हीच मांडणी असते. तिसरी ध्वन्यात्मक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा आणि संगणकाने त्याचे मराठी करायचे. मोबाइलमुळे ही घराघरांत पोहोचली.

‘पलूस’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्टमध्ये तो चार कळांत लिहून होतो. ‘प’साठी एच, ‘ल’साठी एन, दीर्घ ऊकारासाठी टी आणि ‘स’साठी एम. ध्वन्यात्मक पद्धतीत पी, ए, एल, यू, एस अशी पाच अक्षरे दाबल्यावर ‘पलुस’ की ‘पलूस’ हे पुन्हा यादीतून निवडावे लागते. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नीट दाखवता येत नाही, म्हणून निवड वापरणाऱ्यावर येते. घाईत पहिला पर्याय निवडला जातो आणि गावाच्या नावातच चूक शिरते.

रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्टमध्ये मूळ फरक कोणता?

टंकलेखन यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे छापत जाते. म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ अशी कळ दाबावी लागे. अक्षर डोळ्याला जसे दिसते त्या क्रमाने ते टंकायचे. सुमारे नव्वद चिन्हांत सगळी देवनागरी बसवायची होती, म्हणून अर्धी अक्षरे वेगळ्या कळांवर ठेवून त्यांना काना जोडण्याची युक्ती काढली गेली.

इनस्क्रिप्टचा क्रम उच्चाराचा आहे. आधी ‘क’, मग इकार. जोडाक्षर हवे तर मध्ये हलन्त. स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, ‘प’च्या कळीवर ‘फ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. बाराखडी पाठ असलेल्याला ही रचना लवकर समजते. भारतीय लिप्यांचा पाया एकच असल्याने कन्नड, गुजराती किंवा बंगालीतही ‘क’ त्याच कळीवर सापडतो. जत तालुक्यासारख्या सीमेवरच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांना याचा थेट उपयोग होतो.

मग जुनी मांडणी अजून का टिकून आहे?

कारण बोटांची सवय. इंग्रजीची क्वर्टी मांडणी १८७० च्या दशकातील यंत्रासाठी तयार झाली. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये वेगळ्या मांडणीचे पेटंट घेतले, तरी जगाने क्वर्टी सोडली नाही. ‘अमुक मांडणी जास्त वेगवान’ हा वाद तिकडेही संपलेला नाही. जो जे शिकला त्याला तेच सोपे वाटते. आपल्याकडे त्यात पोटापाण्याचा प्रश्नही मिसळला आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा दिली जाते. पूर्वी ती खडखडणाऱ्या यंत्रावर होत असे. गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय टंकलेखन यंत्र बनवले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर त्याचे उत्पादन थांबवले. यंत्रे भंगारात गेली, पण त्यांची मांडणी संगणकाच्या पडद्यामागे चालूच राहिली.

लिपीने यंत्राशी जुळवून घेण्याचा प्रयत्न झाला होता का?

झाला होता, आणि तो पलूस तालुक्यातच पाहायला मिळाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी मासिक सुरू केले. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे आली. छपाईचे खिळे कमी लागावेत आणि लिपी यंत्राला सोयीची व्हावी, म्हणून स्वा. सावरकरांनी लिपिसुधारणा सुचवली होती. तिला अनुसरून या मासिकांत ‘अि, अी, अु, अू, अे’ अशी ‘अ’ची बाराखडी छापली जाई. जुने अंक चाळणाऱ्याला आजही ती दिसते.

ही पद्धत मराठीत सर्वत्र रुजली नाही. लिपी यंत्रासारखी झाली नाही, शेवटी यंत्रालाच लिपीसारखे व्हावे लागले. आजचा संगणक कितीही जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या सांभाळतो. त्यामुळे मराठीला संगणक जमत नाही, हे कारण आता उरलेले नाही.

जुन्या फाँटमधील मजकुराची अडचण काय आहे?

मांडणीइतकाच गंभीर प्रश्न साठवणुकीचा आहे. १९९० च्या दशकात मराठी छपाईसाठी अनेक फाँट आले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेले असे. कृतिदेव या फाँटमध्ये ‘मराठी’ लिहिले तर संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

युनिकोडने हे बदलले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. फाँट कोणताही वापरा, ‘म’ हा ‘म’च राहतो. म्हणून युनिकोडमधील मजकूर शोधता येतो, मोबाइलवर वाचता येतो, अंधांसाठीचे सॉफ्टवेअर तो बोलून दाखवते. जुन्या फाँटमधील ठराव, इतिवृत्ते, साप्ताहिकांचे अंक मात्र संगणकात असूनही शोधाला सापडत नाहीत. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत ती चुकतात. त्यामुळे रूपांतरानंतर मजकूर माणसाने वाचून तपासावाच लागतो.

युनिकोड आले म्हणजे सर्व प्रश्न सुटले का?

नाही. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाण्याची शक्यता उरते. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील ‘कऱ्हाड’ हे नाव पाहा. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र एक्सेलच्या यादीत एका पद्धतीने शोधले, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले गाव सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच. मराठीतील ‘अ’वर चंद्र असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीच्या मजकुरात त्याच्या जागी ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ दिसते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एका खुणेने माणूस बदलतो, मग यादीतला खातेदार बदलायला कितीसा वेळ?

सामान्य नागरिकाला याचा फटका कसा बसतो?

सातबारा मराठीत असतो. आधारवर नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत असते, बँकेत ते बहुधा इंग्रजीत असते. एका लिपीतून दुसरीत नाव नेताना ऱ्हस्व-दीर्घ बदलते, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. कागदाच्या काळात तलाठी माणसाला ओळखत असे, त्यामुळे वेलांटी चुकली तरी काम अडत नसे. संगणक माणसाला ओळखत नाही, तो अक्षरे जुळवतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, पुढे पीक पाहणीही मोबाइलवर आली. कृष्णाकाठचा द्राक्ष किंवा ऊस उत्पादक आज अनुदान, विमा, कर्ज यांसाठी अशा जुळणीवर अवलंबून असतो. सेवा केंद्रातील एका चुकीच्या कळीसाठी त्याला तहसीलला हेलपाटे घालावे लागतात. अर्ज भरून देणाऱ्याने पडद्यावरील नाव अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवले, तर यातील बऱ्याच चुका तिथेच थांबतील.

बोलून टायपिंग होत असताना कळफलकाची गरज काय?

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी बोलून लिहिण्याची सोय दिली. कळफलक न शिकलेल्या आजी-आजोबांसाठी ती वरदान आहे. निरोप, शुभेच्छा, शोध यांसाठी ती पुरते. पण विशेषनामे, आडनावे, गट क्रमांक आणि कायद्याची भाषा यांत ती अडखळते. बोली आणि प्रमाणभाषा यांतील अंतरही आड येते. गजबजलेल्या कार्यालयात दुसऱ्याची खासगी माहिती मोठ्याने बोलून टंकणे योग्यही नाही. आवाज मदतीला राहील, पण नोंद ठेवणाऱ्याला कळफलक सुटणार नाही.

मग नव्याने शिकणाऱ्याने काय करावे?

परीक्षा द्यायची असेल, तर जाहिरात आणि सूचनापत्रात कोणता कळफलक चालेल हे पैसे भरण्याआधी वाचावे. वर्गात जी मांडणी शिकवतात ती परीक्षेत असेलच असे गृहीत धरू नये. ज्याचे बोट रेमिंग्टनवर बसले आहे, त्याने ती सोडण्याची गरज नाही. युनिकोडमध्ये रेमिंग्टन मांडणीने टंकण्याची साधनेही आहेत. त्याने सोडायचा तो जुना फाँट. ज्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी इनस्क्रिप्ट हा शहाणपणाचा पर्याय आहे, कारण त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही आणि कोणत्याही संगणकावर बसून काम सुरू करता येते.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. अक्षरे छापलेले कळफलक खरेदी करणे सोपे, बिल मंजूर झाले की काम झाले. भरती परीक्षेची मांडणी, वर्गातील शिकवणी आणि कार्यालयातील कळफलक यांचा मेळ घालणे अवघड, पण गरजेचे ते आहे. शिवाय जुन्या फाँटमधील नोंदींचे रूपांतर आणि नावांच्या लेखनाचा एकच नियम हवा. हे झाले नाही, तर नव्या कळफलकावरील मराठी अक्षरे पाहण्यापुरती राहतील आणि कर्मचारी त्यांच्याकडे न पाहता जुन्याच सवयीने टंकत राहतील.