कान आणि स्कॅनर

सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे त्या कंपनीची पद्मिनी आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी राहिली. थंडीत चोक ओढावा, इंजिन तापताच आत ढकलावा, कार्ब्युरेटरचा जेट तुंबल्यास काढून फुंकावा, हे ज्ञान वडिलांच्या हातात होते. बिघाड त्यांना कानाने कळे.

आता इंधन केव्हा आणि किती फवारायचे, हे संगणक ठरवितो. स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो. वडिलांना हे परावलंबन वाटते, मुलाला चोख हिशेब. मला मुलाचे बरेचसे पटते. तरी क्रमांक म्हणजे निदान नव्हे. रोजमेळात फरक दिसला म्हणजे चूक सापडली, असे कोणी मुनीम मानीत नसे. इंधनाचे मिश्रण पातळ झाल्याचा इशारा मिळताच नवखा मेकॅनिक सेन्सर बदलतो. जुना माणूस आधी हवेची फाटकी नळी शोधतो.

मात्र १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत जुन्या सवयी महाग पडतात. दुकान ते गोदाम एवढ्याच फेऱ्या आणि उभ्या गाडीत इंजिन तापवीत बसणे, यांमुळे डीपीएफ ही काजळीची गाळणी तुंबते. साठलेली काजळी जळून जाण्यास मोकळ्या रस्त्यावर सलग धाव लागते. दिवा लागताच गाडी थांबवावी, हा वडिलांचा संस्कार. या गाळणीचा दिवा लागल्यास पुस्तिका बहुधा गाडी चालती ठेवण्यास सांगते. अशा वेळी किल्ली मुलाच्या हाती द्यावी.