उधाण आणि भांग

चंद्राच्या गतीबरोबर समुद्राचे पाणी दर पंधरवड्यात एकदा जोर धरते आणि एकदा मंदावते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे येतो तो भांग. शालेय भूगोलानेही उधाणाची भरती आणि भांगाची भरती अशी ही जोडी कायम ठेवली आहे. साहित्याच्या भाषेने मात्र तीतला एकच शब्द उचलला. मराठीत आनंदाला उधाण येते, चर्चेला येते, अफवांनाही येते. भांग कशालाच येत नाही. हा शब्द कानी पडताच सुशिक्षित वाचकाला केसांचा भांग आठवेल, फार तर शिवरात्रीची भांग. पाणी आठवणार नाही.

हा केवळ योगायोग मानता येत नाही. उधाण किनाऱ्यावरून दिसते. भांग दिसण्याजोगा नसतो. तो कळतो डोल लावणाऱ्याला. डोलीचे जाळे ओढीत नाहीत. खुंटांना किंवा नांगरांना बांधून ते प्रवाहाच्या तोंडाशी उघडे ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओघच मासळी आत लोटतो. ओघ मंदावला की बोंबील आणि जवळा यांची आवक घटते, घरखर्चाला ओढ बसते. साहित्यभाषेने समुद्राची भव्यता तेवढी घेतली आणि हिशेब कोळीवाड्यात ठेवून दिला.

सागर, अर्णव, जलधी, रत्नाकर, पारावार या संस्कृत पर्यायांच्या श्रीमंतीचा येथे फारसा उपयोग होत नाही. ही नावे वृत्तात सोयीने बसतात, पण उथळ पाणी आणि खोल पाणी यांत भेद करीत नाहीत. भर समुद्रात जाणाऱ्या मराठीची वंशावळ वेगळी आहे. नाखवा, खलाशी, सुकाणू, बंदर हे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. फारसीतला 'दर्या' म्हणजे समुद्र. हिंदीत आणि पंजाबीत त्याची नदी झाली, मराठीत तो समुद्रच राहिला. येथे तो बहुधा दरबारापेक्षा गलबतावरून अधिक रुजला असावा.

काव्यात खुला समुद्र अगदीच नाही असे नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनला रचलेल्या कवितेत तो वचन मोडणारा सोबती आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील (१९४२) कोलंबसासमोर तो प्रतिस्पर्धी म्हणून उभा आहे. दोन्ही कवितांची थोरवी निर्विवाद आहे. पण दोन्हींत समुद्र माणसाच्या इच्छाशक्तीची कसोटी म्हणून येतो. त्याच्या पोटात काय जगते हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. समुद्रातील जीव मराठी गद्यात आले ते प्रायः स्वयंपाकघराच्या दाराने. सुरमई, बांगडा, रावस, माकूल, शेवंड ही नेमकी नावे ताटाजवळ भेटतात. पाण्यात असेपर्यंत तो नुसता 'मासा' असतो, कवितेत 'मीन'. जे खाल्ले जात नाही त्याला शास्त्रीय परिभाषेने नाव दिले. त्यांतले 'प्लवक' उत्तम आहे. 'समुद्रबूड जमीन' मात्र बोलके आहे: पाण्याखाली गेल्यावरही मराठी माणसाला ती जमीनच वाटते!

शेजारच्या भाषांकडे पाहिले म्हणजे हे अटळ नव्हते हे ध्यानात येते. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात चिखलाचे थर पाण्यात तरंगून लाटा शमवतात आणि तेथे मासळीची गर्दी होते. तिला 'चाकर' म्हणतात. तकळींच्या 'चेम्मीन'च्या (१९५६) जगातला हा शब्द आज मल्याळम भाषक कोणत्याही अनपेक्षित लाभासाठी वापरतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रचंड देवमुशीला मच्छीमार 'बॅरल' म्हणत, कारण तिला दमवण्यासाठी पिंपे बांधली जात. २००१ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेने तिला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव देऊन माहेरी आलेल्या लेकीच्या रूपात लोकांपुढे उभे केले. तिला वाचविण्यासाठी पुढे मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापली. केवळ नावाने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पिंपाला कोणी लेक म्हणत नाही.

म्हणूनच कोशांत आणि अभ्यासक्रमांत या शब्दांवर 'प्रादेशिक' असा शिक्का मारून त्यांना तळटीपेत बसविणे अयोग्य आहे. शेतीचे शब्द प्रमाण आणि दर्याचे बोलीतले, ही विभागणी भाषाशास्त्राची नव्हे, ती घाटावरच्या सवयीची आहे. नौकेवर मासळीचा ठाव यंत्र सांगू लागले आहे; जुन्या तांडेलाच्या तोंडचे शब्द नोंदविण्यास यापुढे फार अवधी मिळेल असे दिसत नाही. प्रश्न भाषांतराचाही आहे. भारतीय भाषांतील सागरी कादंबऱ्या मराठीत आणताना 'चाकर'साठी 'सुगी' लिहिले की समुद्राचे शेत होते. आणि मूळ लेखकाने मंद ओहोटीमुळे जाळी रिकामी आल्याचे लिहिले असता, समुद्र शांत होता, एवढेच लिहून मराठी भाषांतरकार पुढे जातो.