थेंबभर शमामा

परवा शमामा अत्तराची छोटी कुपी विकत आणली आणि घरात महाभारत झालं.

कारण साधं होतं. आजोबांचा काळा कोट अजून आमच्या ट्रंकेत आहे. त्याच्या कॉलरला त्यांच्या अत्तराचा वास इतकी वर्षं टिकून होता. दिवाळीत ट्रंक उघडली तेव्हा मात्र नुसता डांबरगोळ्यांचा वास आला. आई काही बोलली नाही, पण कोट बराच वेळ तिच्या हातात होता.

म्हणून हा उद्योग. संभाजीनगरहून परतताना बसमध्येच मनगट, मान, शर्ट, सगळीकडे अत्तर चोपडलं. भर मे महिना! चितेगाव यायच्या आत शेजारच्या काकांनी झळा सोसून खिडकी उघडली. बिडकीनला घरात शिरलो तर बायको म्हणाली, "अहो, आधी आंघोळ करा." आईने तेवढं जवळ येऊन हुंगलं. "मसाल्याच्या डब्यासारखं येतंय. दगडफूल आहे का रे यात?"

आहे! कनोजला शमामा करताना दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, वेलची, जायफळ असं बरंच काही तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. म्हणजे आपला काळा मसाला आणि हे अत्तर तसे नातेवाईकच.

असल्या वासांना लोक 'भडक', 'डोकं उठवणारे' म्हणतात. परदेशात या जड, उष्ण वासांच्या कुळाला 'ओरिएंटल' म्हणायचे. गेर्लँचं 1925 चं 'शालिमार' त्यातलंच. 2021 मध्ये मायकल एडवर्ड्स यांनी आपल्या वर्गीकरणात ते नाव बदलून 'अँबर' केलं. नाव काहीही द्या, माझं मत असं की दोष वासाचा नाही, आपल्या हाताचा आहे. आपल्याला डिओ फवारायची सवय. त्यातलं अल्कोहोल लगेच उडून जातं. अत्तर तेलात असतं, ते अंगावर मुक्काम करतं. जुनी माणसं उन्हाळ्यात खस लावायची आणि हिना-शमामा थंडीसाठी ठेवायची, ते उगाच नाही. आजोबांच्या कानात कापसाचा एवढासा फाया असे. वास यायचा तो त्यांनी जवळ घेतल्यावर. लांबून कधीच नाही.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट खुंटीवरच होता. रात्रभरात मसाल्याचा जोर ओसरून चंदन आणि थोडा मातकट गोडवा उरला होता. आई धुण्याचे कपडे गोळा करत आली. शर्ट उचलला आणि थांबली.

"हां, आता कसा मामंजींचा वास आला."

शर्ट अजून धुतलेला नाही. कोटाच्या कॉलरला मात्र मी एकच थेंब लावलाय.