वीज म्हणजे गोणी नव्हे

बाजार सगळं नीट करतो, असं सांगणाऱ्या टायवाल्या पंडितांनो, मी गोदी कामगार आहे. मॅट्रिक झालोय. हिशेब मला येतो. तर ऐका टेक्सासचा हिशेब.

1999 साली तिथल्या सरकारने कायदा केला आणि वीज खुल्या बाजारात सोडली. ह्यूस्टनची एनरॉन या कायद्यासाठी जोर लावत होती. हीच ती, दाभोळला येऊन आपल्या वीज मंडळाच्या उरावर बसलेली. 2011 च्या थंडीत तिथली वीजकेंद्रं गोठली. चौकशी झाली. यंत्रं थंडीपासून राखा, असं लिहून दिलं. सक्ती कुणी केली नाही. राखायला पैसा लागतो, आणि न राखल्याचा दंड मालकाला नव्हता.

फेब्रुवारी 2021. पुन्हा बर्फ. गॅसच्या लाइनी गोठल्या, केंद्रं बंद, 45 लाख घरं-दुकानं अंधारात. एरवी ठोक बाजारात 2-3 सेंटला मिळणारं युनिट सरकारी आयोगाने हुकूम काढून 9 डॉलरवर नेलं. का? तर भाव चढला की वीज येईल! च्यायला, गोठलेल्या नळीला भाव वाचता येतो काय?

ह्यूस्टन-ऑस्टिनच्या मधल्या भागात रिकामी ऑफिसं झगमगत होती. वस्त्यांत माणसं गारठून मेली. काहीजण उबेसाठी बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून बसले, ते विषारी धुराने मेले. सरकारी मोजणीतच 246 मुडदे. त्याच आठवड्यात एका गॅस कंपनीचा साहेब गुंतवणूकदारांना सांगत होता, आपल्याला जॅकपॉट लागलाय! वीज कापणं थांबलं तरी 9 डॉलर तसेच ठेवले. बाजारावर देखरेख करणाऱ्यांनीच या जादा वसुलीचा आकडा 1600 कोटी डॉलर सांगितला. त्या आठवड्यासाठी काढलेलं कर्ज आता गिऱ्हाइकांच्या बिलातून फिटतंय. जॅकपॉट एकाचा, आणि भरणारा अंधारात बसलेला.

मला माल शिकवू नका. माझ्या पाठीवरून रोज जातो तो. गोणी गोदामात थांबते. भाव पडला तर शेठ दार लावून बसतो, चढला तर घेणारा उद्या येतो. वीज थप्पी लावून ठेवता येत नाही, आणि गारठलेलं म्हातारं माणूस उद्यापर्यंत थांबत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून मागाल ते घेणं, याला आमच्यात व्यापार म्हणत नाहीत. दरोडा म्हणतात.

दोस्तांनो, वीज बाजारात सोडा म्हणणारा तुमच्याही दारात येईल. स्वस्ताईचा कागद दाखवील. तो बाजूला ठेवा आणि विचारा, थंडीत मेलेल्यांचा भाव त्यात कुठल्या रकान्यात धरलाय?