दगड सरकारचा, धूळ कोणाची?



माळावर सुरुंगाचे बार उडतात, नदीपात्रातून रेतीच्या गाड्या रात्री निघतात. आपल्यापैकी अनेकांची चूल याच कामावर पेटते. म्हणून खाणी बंद करा, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या कायद्याने त्या चालतात, तो कोणाचे रक्षण करतो, हे आपण जाणलेच पाहिजे.

दगड, मुरूम, रेती यांस कायदा ‘गौण खनिज’ म्हणतो. १९५७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १५ ने त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खनन करणारास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. व्यवस्था कठोर दिसते. पण नीट पाहा. ब्रास मोजला जातो, स्वामित्वधन वसूल होते, दंड तिजोरीत पडतो. विहीर आटली, मजुराच्या फुप्फुसात दगडाची धूळ साचली, तर तो हिशेब कोणत्या चलनावर लिहितात? सिलिकोसिस जडला की बरा होत नाही. पण पाणी मारून धूळ दाबली तर टाळता येतो. दगडाला मोल आहे, तो फोडणाऱ्या छातीला नाही, असा हा न्याय आहे काय?

मोठे क्षेत्र तुकडे पाडून लहान दाखवायचे आणि पर्यावरण मंजुरी चुकवायची, ही युक्ती फार चालली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांसही ती मंजुरी आवश्यक ठरविली. हे हत्यार आपल्या हाती आहे. ते गंजू देऊ नका.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली खाणपट्ट्याची व पर्यावरण मंजुरीची नक्कल मागा. तिच्यातील अटी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. अनुसूचित क्षेत्रात तर गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक केली आहे. अटी मोडल्या जात असतील, तर २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या हरित न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाई मागता येते. त्याचे एक पीठ पुण्यास आहे.

अर्ज एकट्याने करू नका. दहा घरांनी मिळून सह्या करा. एकट्याची मजुरी तोडता येते, वस्तीची तोडणे अवघड. संविधानाच्या कलम २१ ने जीविताचा अधिकार खाणमालकाइतकाच खडी फोडणाऱ्या बाईलाही दिला आहे. कागद मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे; तो आपला हक्क आहे.