घरी ठेवलेली पोर

गेल्या जुलैत एका दुपारी जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम हातात कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण चालू होतं. घरात सहा ते चौदा वयाचं कोणी आहे का, त्यांनी विचारलं. माझी लेक ओट्यावर चिंचोके मांडून बसलेली, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

"कोणत्या शाळेत आहे?"

"शाळेत नाही. घरीच शिकवतो आम्ही."

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणजे घरी असते. असंच ना?"

मी समजावून सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग कागदावरची कारणांची यादी माझ्यापुढे धरली. स्थलांतर, घरकाम, लहान भावंडांना सांभाळणं. आमचं कारण त्यात कुठेच बसेना. शेवटी ‘इतर’पुढे खूण झाली, मॅडम पाणी प्यायल्या आणि शेजारच्या दारी गेल्या. बाई भल्या होत्या. जाताना लेकीच्या चिंचोक्यांकडे बघून, "किती आहेत गं?" असं विचारूनही गेल्या.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मलेबी तिसरीतून घरीच ठेवलं होतं. लहान्या भावाले सांभाळाले. तवा कोनी कागद घेऊन आलं नाही."

वर्षभर मी त्या एका वाक्याशी भांडत होते. आपल्याकडे ‘पोरीला घरी ठेवली’ या शब्दांना एकच अर्थ आहे, आणि तो चांगला नाही. भावंडं सांभाळायला ठेवली, कापूस वेचायला ठेवली, वयात आली म्हणून ठेवली. मी जे करत होते त्याला वेगळा शब्दच नव्हता. ‘होमस्कूलिंग’ म्हटलं की ते ओट्यावरच्या बायकांना एखाद्या औषधाचं नाव वाटायचं.

त्यात हे गाव वलगाव. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर असताना, इथेच पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. ताट-भांडी मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, तीही शेतकऱ्याचं पोर शाळेची पायरी चढावं म्हणून. वऱ्हाडानं शाळा फार कष्टानं मिळवली आहे. आणि अशा गावात एका शिकलेल्या सुनेनं धडधाकट पोर शाळेतून काढून घरी आणली! लोकांनी नावं ठेवली नसती तरच नवल.

काढली का, तर पोटदुखीमुळे. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग ती कोणाचीही असो. अमरावतीतल्या अशाच एका कॉन्व्हेंटमध्ये आम्ही तिला टाकलं होतं. सकाळी सातला व्हॅन यायची. साडेसहाला तिचं पोट दुखायला लागायचं, रविवारी मात्र दुखायचं नाही. डॉक्टरांना ते दोन भेटींत कळलं, आम्हाला कळायला अख्खं केजी गेलं. त्याच दिवसांत नवऱ्याच्या मोबाइलवर मालविका जोशीची बातमी फिरत आली. मुंबईची ही मुलगी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली आणि संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या दाखल्याशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत पोहोचली. बातमी खरी आहे. पण पहिलीतल्या पोरीच्या आईनं ती वाचू नये, असं आता माझं मत आहे. वाचली की घरातलं लेकरू एकदम उमेदवार दिसायला लागतं.

पहिल्या महिन्यात मी काय केलं? घरात शाळाच उघडली. भिंतीला पांढरा फळा लावला, वेळापत्रक चिकटवलं, तासाला थाळी बडवली. लग्नाआधी अकोल्यात आणि नंतर इथेही मी शिकवण्या घेतल्या होत्या, त्यामुळे आपल्याला सगळं येतं ही खात्री होती. तिसऱ्या आठवड्यात ‘ष’ आणि ‘प’ यांवरून माझा आवाज चढला. लेक पाटीवरून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आता आईला पाठवा ना."

थाळी त्या दिवशी स्वयंपाकघरात परत गेली.

नंतर हळूहळू कळलं की सहा वर्षांच्या एकट्या लेकराला दिवसाकाठी सव्वा-दीड तास नीट बसवलं तरी पुष्कळ होतं. शाळेचे पाच-सहा तास हजेरीत, रांगेत, चाळीस जणांच्या वह्या तपासण्यात जातात. तो शाळेचा दोष म्हणता येणार नाही, चाळीस पोरं म्हटल्यावर ते आलंच. पण त्या मापानं घर मोजायला गेलं की आई वेडी होते. उरलेल्या वेळात पोर कंटाळते. कंटाळू द्यावी. माझ्या लेकीनं कंटाळूनच सरकीच्या बिया पेरल्या, रोज उकरून पाहिल्या, आणि उकरलेली बी उगवत नाही हे स्वतः शोधून काढलं. तो धडा तिच्यापेक्षा मला जास्त लागू होता, हे माझ्या नवऱ्यानं लगेच सुनावलं.

गणिताचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा लेकीला वावरात नेऊ लागलो. वेचलेला कापूस किलोवर मोजतात, किलोवरच मजुरी. बायांच्या नावापुढे आकडा लिहायचं काम मी हौसेनं तिला दिलं. संध्याकाळी हिशेब जुळेना. काट्यावर चौतीस भरलेल्या बाईपुढे हिनं ४३ लिहिलेले! दुसरीचे सत्तावीस ७२ झालेले. वरवर पाहता निष्काळजीपणा. रात्री वही पुढे घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की पोरीनं जे ऐकलं तेच लिहिलं होतं. चौ-तीस. आधी चार ऐकू येतात, मग तीस. मराठी आकडा बोलताना उजवीकडून येतो आणि लिहिताना डावीकडून. त्यावर एकोणतीस, एकोणचाळीस हे तर मागच्या घरात राहून पुढच्या घरचं नाव सांगणारे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं छापलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं खिल्ली उडवली होती. त्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर. लहान मुलांना बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळवताना अडतं, जोडाक्षरंही आडवी येतात, असं त्या सांगत होत्या. तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. शिकवण्या घेणारी बाई असूनही हसले, याची आता लाज वाटते. चाळीस जणांच्या वर्गात ४३ वर लाल फुली पडते आणि पुढचं पोर येतं. एकच पोर समोर असल्यामुळे मला फुलीमागचं कारण दिसलं. घरी शिकवण्याचा याहून मोठा फायदा मला वर्षभरात सापडला नाही.

गाडं सुटलं ते सासूबाईंच्या हातून. त्यांना आकडे लिहिता येत नाहीत, पण त्या विसांनी मोजतात. दोन विसा म्हणजे चाळीस, तीन विसा म्हणजे साठ. त्यांनी चिंचोक्यांच्या विसाच्या ढिगाऱ्या केल्या, वर उरलेले सुटे ठेवले आणि विचारलं, "सांग बरं, एक वीस झाली, वर किती राह्यले?" लेक म्हणाली, चौदा. "मंग त्या चौदातले दहा उचल अन् विसाजवळ ठेव." तीस आणि चार. वही उघडली, ३४. पुस्तकातल्या ‘वीस एक’पर्यंत तिसरीतून काढलेली बाई चिंचोक्यांच्या वाटेनं पोहोचली होती.

विचारत विचारत शिकवायची ही रीत आमच्या भागाला नवी नाही. गाडगेबाबांचं कीर्तन प्रश्नांवरच चालायचं. ते लोकांना विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि हजारोंच्या समुदायाला मात्र ते वऱ्हाडीत असे शिकवत. तारा मोडकांचंही इथे आठवतं. लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत राहिल्या, मग भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणात पडल्या, आणि पुढे बोर्डीला, कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी खात्याचा समजतो. तो मुळात लेकरू येत नाही तर आपण त्याच्या अंगणात जाऊ, अशा हट्टातून आला. पण हेही खरं, की त्यांनी अंगणात नेली ती शाळाच. पोरं घेऊन त्या आपापल्या घरात बसल्या नाहीत.

भाषेचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. लेक सासूबाईंसारखी बोलते: मी जातो, मी खातो, मले दे. पुस्तकातली मुलगी ‘मी जाते’ म्हणते. एकदा मी तिचं वाक्य दुरुस्त केलं तर सासूबाईंनी भाकर थापता थापता विचारलं, "मंग मी काय चुकीची बोलतो?" याला उत्तर काय देणार? वर्गातल्या मॅडमनी ‘जाते म्हण’ सांगितलं तर ते शाळेत राहतं. घरात मी सांगितलं की ते आजीला लागतं. सध्या आमचं असं ठरलंय की वाचताना पुस्तकासारखं आणि बोलताना आजीसारखं. पोरीला यात काहीच अडचण नाही, ती मलाच वाटते.

आता जे जमलं नाही ते. सकाळी साडेदहा ते पाच आमची गल्ली रिकामी असते. जिल्हा परिषद शाळेची प्रार्थना इथवर ऐकू येते, ती चालू झाली की लेक ओट्यावर जाऊन बसायची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन ती सगळ्यांसोबत होती, भुलाबाईच्या दिवसांत तर पंधरा पोरींच्या घोळक्यात रात्री उशिरापर्यंत गाणी म्हणत फिरली, आणि त्या महिन्यात तिनं जेवढे शब्द उचलले तेवढे मी तीन महिन्यांत शिकवू शकले नव्हते. पण सण संपतात. मग मैत्रीण पाचला दप्तर टाकून यायची आणि सांगायची की आज खिचडीत वटाणे होते. लेकीनं घरी खिचडी मागितली. मी केली. "तशी नाही झाली," म्हणाली. दुसऱ्यांदा वटाणे घालून केली, तरी तशी नाही. रांगेत बसून, वाढणाऱ्या ताईकडे अजून मागून, शेजारणीच्या ताटातला वटाणा पळवून खायची खिचडी एका गॅसवर होत नाही, हे समजायला मला हिवाळा उजाडला.

पैशाचंही सांगून टाकते. माझ्या शिकवण्या वर्षभर बंद राहिल्या. नवऱ्याचं दुकान आणि सहा एकर वावर आहे म्हणून ते चाललं. आमच्याच वावरात वेचायला येणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "ताई, तुमी पोरीले शाळेतून काढून शिकवता, मंग माह्या पोरीले घरी ठेवलं तं लोकं मले काऊन बोलतात?" मी तिच्या पोरीला दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी येऊन बसायला सांगितलं. ती चार दिवस आली, मग वेचणी दुसऱ्या गावाकडे सरकली आणि तीही गेली. तिचं पुढे काय झालं, मी चौकशी केली नाही. करायला हवी होती.

मे महिन्यात लेकीनं जाहीर केलं की ती मैत्रिणीच्या शाळेत जाणार. कॉन्व्हेंटमध्ये नाही, गावातल्या. शिक्षण हक्काच्या कायद्यात कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतं, न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. कलम ४ म्हणतं, सहा वर्षांवरचं लेकरू आधी शाळेत नसलं तरी वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यावं. म्हणजे थेट दुसरी. जुलैतल्या त्याच मॅडम दाखल करून घ्यायला होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, लेकीला विचारलं, "किती झाले होते गं चिंचोके?" लेक म्हणाली, "पाच विसा अन् चार." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर.

आमच्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडते. पोटदुखीचा अजून पत्ता नाही. संध्याकाळचा आमचा सव्वा तास आम्ही ठेवणार आहोत, लेकीनं तशी कबुली दिली आहे, फक्त मॅडमला बोलवायचं नाही या अटीवर.

शाळेत खिचडीसाठी ताट घरूनच न्यावं लागतं. सासूबाई परवा स्वतः बाजारात जाऊन स्टीलचं एक घेऊन आल्या, त्यावर दुकानदाराकडून पोरीचं नावही घालून आणलं. घरी आल्यावर ताट उलटंपालटं करत बराच वेळ पाहत बसल्या आणि हसायला लागल्या. "बाबा म्हनत, ताट मोडा पन शाळेत घाला. अन् या पोट्टीले शाळेत जाले आधी ताटच पायजे!"