आधी ब्रेक, मग गिअर

ऑटोमॅटिक गाडी घरी आली की पहिल्या दोन-चार दिवसांत एक तक्रार हमखास होते : ‘गिअरचा दांडा हलतच नाही!’ दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्कवर अडकलेला असतो. बहुतेक वेळा गाडी बिघडलेली नसते. ब्रेकवर पाय ठेवलेला नसतो, एवढंच.

या व्यवस्थेला शिफ्ट लॉक म्हणतात. दांड्याखाली एक छोटी खिटी असते, ती पार्कमध्ये दांडा अडवून धरते. किल्ली ऑन करून ब्रेक दाबला की पेडलजवळचा स्विच मागचे लाल दिवे लावतो. त्याच इशाऱ्यावर खिटीजवळचं विद्युतचुंबक काम करतं आणि दांडा मोकळा होतो. किल्लीच्या बऱ्याच गाड्यांत उलट बंधनही असतं : दांडा पार्कवर आणल्याशिवाय किल्ली निघत नाही.

हा खटाटोप कशासाठी? १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘ऑडी ५०००’ आपोआप सुसाट सुटते, म्हणून मोठा गदारोळ झाला. १९८९ च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं ते असं, की चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. तोवर ऑडीने शिफ्ट लॉक बसवायला सुरुवातही केली होती. दुसरी काळजी मुलांची. गाडीत खेळणाऱ्या मुलाने दांडा ओढला की उभी गाडी घरंगळते. म्हणून तिथे १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, पार्क असलेल्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप सक्तीचं झालं.

आपण काय ध्यानात ठेवायचं? ब्रेक दाबूनही दांडा हलत नसेल, तर कुणाला तरी मागचे दिवे पाहायला सांगा. तेही लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज गेला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळच्या झाकणाखाली कुलूप सोडवायची सोय असते. ती वापरताना हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर हवा. मात्र ही सोय गॅरेजपर्यंत जाण्यापुरतीच. रोजची सवय नको.

आणखी एक. आपल्याकडच्या एएमटी गाड्यांत सहसा ‘पी’ नसतोच. चोर्ला किंवा आंबोली घाटात अशी गाडी उभी करताना हँडब्रेक घट्ट ओढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअर ठेवा.

आणि कुलूप कितीही चांगलं असलं, तरी मूल गाडीत आणि किल्लीही गाडीत, असं कधी होऊ देऊ नका. हँडब्रेक खाली करायला चिमुकला हातही पुरतो.